दरबारी वाकले की राजा होतो

(सदर: कपडेपटातून. वाचकांचे प्रश्न, सदरलेखिकेची उत्तरं)

मागच्या अंकात रंगमंचावरचा गणवेश खरा कसा वाटावा, यावर लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं कपड्यांबद्दल कमी आणि कपडे बघून वाकणाऱ्या माणसांबद्दल जास्त आहेत. मी कपडेपट सांभाळणारी बाई. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण साध्यासुध्या माणसांना तासाभरात साहेब, सरदार, न्यायाधीश करून विंगेत उभं करणं हे माझं कामच आहे, आणि या विषयावर हाताला लागेल ते वाचायची खोड आहे. तेवढ्या भांडवलावर उत्तरं देते.

प्रश्न : ताई, हौशी संस्थेच्या नाटकात मी पोलीस अधिकाऱ्याचं काम करतो. मध्यंतरात हवा खायला बाहेर उभा होतो. समोर भलत्याच जागी गाडी लावून बसलेल्या माणसानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं गाडी काढली. मी एक शब्द बोललो नव्हतो! छातीवरचा बिल्ला पुठ्ठ्याचा, त्याला सोनेरी कागद चिकटवलेला. त्याला तो दिसला कसा नाही?
— एक हौशी नट

दिसला असेल, पण वाचायला कोण थांबतंय? गणवेश माणसापर्यंत आधी आकारानं पोचतो. टोपीची कड, खांद्याची सरळ रेघ, कमरेला आवळलेला पट्टा, एवढं लांबून कळतं. जवळ आल्यावर बुटांचा आवाज. बिल्ल्याची पाळी सगळ्यांत शेवटी, आणि तोवर समोरच्याचा निर्णय होऊन गेलेला असतो. म्हणून मी बुटांवर आणि पट्ट्यावर जीव काढते आणि बिल्ला खुशाल पुठ्ठ्याचा लावते.

तुमच्या कपडेपटवाल्याचंही कौतुक करायला हवं. कोरा करकरीत गणवेश बघितला की प्रेक्षक ओळखतात, हे सोंग आहे. आम्ही नवा सदरा दोन-चारदा धुतो, कोपरांवर घासून घासून कापडाची चमक मारतो, वरच्या खिशात जाड डायरी कोंबून तो लोंबायला लावतो. पट्ट्याला रोजच्या भोकाशी चीर हवी. हे कोणी मुद्दाम बघत नाही, पण नसलं की काहीतरी खटकतं. तुमच्या गाडीवाल्याला काही खटकलं नाही. शिवाय आवळलेल्या पट्ट्यात कोणीही ताठच उभं राहतं, हात आपोआप पाठीमागे जातात. तुम्ही गप्प होतात, हेही तुमच्याच पथ्यावर पडलं. बोलला असतात तर कदाचित पितळ उघडं पडलं असतं.

हा खेळ मुद्दाम करून पाहिलेला आहे. लेनर्ड बिकमन या संशोधकानं १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले रस्त्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. वाटेवरच्या लोकांना एक तरुण काहीतरी सांगायचा: ही पडलेली पिशवी उचला, बसथांब्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहा, त्या अमक्याला पार्किंगच्या यंत्रात घालायला नाणं द्या. कधी तो साध्या कोट-टायमध्ये असे, कधी दूधवाल्याच्या पोशाखात, कधी रखवालदाराच्या गणवेशात. दूधवाल्याचं कोणी विशेष मनावर घेतलं नाही, म्हणजे नुसता गणवेश पुरत नाही, तो हुकूम देणाऱ्या जातीचा लागतो. रखवालदाराचं मात्र ऐकलं गेलं. वास्तविक दुसऱ्याच्या खिशातून नाणं काढायला लावायचा अधिकार रखवालदाराला कुठून असणार?

मला त्यातला एक प्रकार फार आवडतो. सांगणारा माणूस नाण्याचा हुकूम सोडून कोपऱ्यावरून वळून दिसेनासा व्हायचा. आता बघायला कोणी नाही, धाक नाही. तरी रखवालदारानं सांगितलं असेल तर १०० पैकी ९२ जणांनी नाणं दिलं, साध्या कपड्यातल्यानं सांगितलं तेव्हा ४२ जणांनी. आणि असं झालं तर किती लोक ऐकतील, असं इतरांना आधी विचारलं तेव्हा त्यांचा अंदाज होता साध्या कपड्याला ५०, गणवेशाला ६३. कपड्याचा आपल्यावर किती परिणाम होतो, याचा आपला स्वतःबद्दलचा हिशेब असा चुकतो. गाडीवाल्याला विचारलंत तर तोही म्हणेल, मला निघायचंच होतं.

एक विनंती. पुढच्या वेळी मध्यंतरात बाहेर जाताना वरून जॅकेट चढवा आणि टोपी आत ठेवून जा. पोलीस असल्याचं भासवणं हा बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि ‘मी काही बोललोच नाही’ हा बचाव ऐकायला खरा पोलीस समोर असेल.

प्रश्न : मी एका कार्यालयात स्वागतकक्षात बसते. एक दिवस उत्तम सूट घातलेला, गळ्यात ओळखपत्राची फीत आणि हातात जाड फाइल असलेला माणूस आला. ‘मुख्य कार्यालयातून तपासणीला आलोय’ म्हणाला. आमचे व्यवस्थापक उठून उभे राहिले, एकानं खुर्ची पुढे केली, दुसरा पाणी आणायला धावला. मी रजिस्टर काढून दिलं, कपाटंही उघडून दिली. तो सावकाश सगळं बघून, फोटो काढून गेला. नंतर कळलं, मुख्य कार्यालयानं कोणालाच पाठवलं नव्हतं. आता सगळे मलाच विचारतात, ‘तू ओळखपत्र का नाही पाहिलंस?’ मी एवढी बावळट कशी?
— स्वागतकक्षातली

तुमच्या पत्रातलं माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं वाक्य सूटबद्दलचं नाही. ‘व्यवस्थापक उठून उभे राहिले, एकानं खुर्ची पुढे केली’ हे आहे.

नाटकवाल्यांत एक जुनी समजूत आहे. राजाचं काम राजा करत नाही, दरबारी करतात. राजाला मी कितीही जरतारी अंगरखा चढवला आणि बाजूचे चार शिपाई विड्या ओढत बसले, तर तो राजा नाही, अंगरखा घातलेला नट. उलट साध्या धोतरातला माणूस आला आणि सगळा दरबार खाली बघत मागे सरकला, की प्रेक्षागृहातलं पोरही समजतं, हा कोण आहे ते. तालमीत नवखा राजा घाबरलेला असला की दिग्दर्शक त्याला काही सांगतच नाही, दरबाऱ्यांना झापतो.

तुमच्याकडे आला तो अंगरखा घालून आला. राजा त्याला तुमच्या व्यवस्थापकांनी केलं. तुम्ही रांगेत शेवटी होतात. तुमच्यापर्यंत येईस्तोवर त्याचा राज्याभिषेक उरकला होता.

याचा जगप्रसिद्ध नमुना जर्मनीत घडला. विल्हेल्म फॉइग्ट नावाचा मोची होता. आयुष्याची बरीच वर्षं तुरुंगात गेलेला, सुटल्यावर कुठे कामधंद्याला लागायचं म्हटलं तर पोलीस त्या गावातून हाकलून देत. त्यानं जुन्या कपड्यांच्या वेगवेगळ्या दुकानांतून लष्करी कप्तानाच्या गणवेशाचे तुकडे गोळा केले. वय ५७, म्हणजे कप्तान म्हणून जरा जास्तच. १६ ऑक्टोबर १९०६ रोजी तो गणवेश चढवून तो बर्लिनच्या रस्त्यावर उभा राहिला. समोरून शिपायांची तुकडी आली, ती थांबवली आणि म्हणाला, माझ्यामागे चला. आणखी काही शिपाई वाटेत मिळाले, तेही घेतले. हे सगळे आगगाडीनं क्योपेनिक या शेजारच्या गावी गेले. तिथल्या नगरभवनाच्या दारांवर त्यानं पहारे बसवले, नगराध्यक्षाला आणि खजिनदाराला अटक केली, तिजोरीतली साडेतीन-चार हजार मार्कांची रोकड ‘जप्त’ केली आणि तिची रीतसर पावतीही दिली. अटकेतल्यांना शिपायांबरोबर बर्लिनला धाडून, उरलेल्यांना ‘अर्धा तास इथेच पहारा द्या’ म्हणून सांगितलं. मग स्टेशनवर जाऊन कपडे बदलले आणि हा गुल.

गोष्ट सांगताना लोक गणवेशाला हसतात. तुम्ही शिपायांकडे बघा. कप्तानाचा गणवेश फक्त पहिल्या तुकडीला पटायचा होता, आणि तिला हुकूम ऐकायचाच सराव होता. नगराध्यक्षाच्या दारात जे उभं राहिलं ते नुसतं सोंग नव्हतं. बंदुकांना संगिनी लावलेले खरेखुरे शिपाई, आणि ते या माणसाच्या शब्दासरशी हलत होते. त्या नगराध्यक्षाच्या जागी मी असते तर मीही माझा कोट घेऊन निघाले असते. फॉइग्ट दहा दिवसांत सापडला, चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९०८ मध्ये खुद्द कैसरनं, म्हणजे जर्मन सम्राटानं, माफी देऊन त्याला सोडलं. पुढे तो गणवेशातले स्वतःचे फोटो सही करून विकायचा. त्याच नगरभवनाच्या दाराशी आता त्याचा पुतळा आहे. नगराध्यक्षाचा नाही!

आता ‘मी बावळट कशी’ याबद्दल. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाचे विजेच्या धक्क्यांचे प्रयोग तुम्ही ऐकले असतील. येल विद्यापीठात १९६१ मध्ये सुरू झाले. एका माणसानं पलीकडच्या खोलीतल्या दुसऱ्याला शब्दांच्या जोड्या विचारायच्या, चुकला की बटण दाबून धक्का द्यायचा, दर चुकीला १५ व्होल्ट वाढवायचे, ४५० पर्यंत. पलीकडचा ओरडायचा, भिंतीवर आपटायचा, आणि खोलीतला कोटवाला ‘शास्त्रज्ञ’ म्हणायचा, चालू ठेवा. धक्के खोटे होते, ओरडणंही ठरवलेलं होतं, पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. प्रसिद्ध झालेल्या पहिल्या फेरीत ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले.

मी ते प्रयोग कपडेपटाच्या नजरेनं वाचले. ‘शास्त्रज्ञ’ म्हणून उभा केलेला माणूस शाळेत जीवशास्त्र शिकवणारा होता. त्याला कोट दिला तोही पांढरा नाही, करडा. पांढरा दिला असता तर लोकांना डॉक्टर वाटला असता. यंत्रावर एका कंपनीची कोरीव पाटी होती, नमुना क्रमांकासकट, आणि ती कंपनी अस्तित्वातच नव्हती! कोणीतरी बसून त्या पाटीची अक्षरं ठरवली असतील. असा माणूस मला मदतनीस म्हणून मिळाला तर मी उद्या ठेवून घेईन.

मग त्यांनी एकेक गोष्ट बदलत नेली, आणि तुमचं उत्तर त्यात आहे. विद्यापीठाची भारदस्त इमारत काढून दुसऱ्या गावातल्या साध्या कार्यालयात तोच प्रयोग केला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी १९ झाले. म्हणजे नेपथ्याचा वाटा आहे, पण वाटतो तेवढा नाही. कोटवाला खोलीतून निघून गेला आणि हुकूम फोनवरून देऊ लागला, तेव्हा आकडा पाचात एकाच्या आसपास आला, आणि काही जण तर फोनवर ‘हो, वाढवतोय’ म्हणून छोटंच बटण दाबत राहिले. कोट नसलेल्या साध्या माणसानं तेच हुकूम दिले तेव्हाही पाचात एकच. आणि जेव्हा शेजारी बसवलेल्या दोघांनी (तेही ठरवलेलेच) मध्येच ‘आम्ही नाही करत’ म्हणून हात झटकले, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. कोट तोच, यंत्र तेच, पाटी तीच, इमारतही तीच. दोन दरबारी वाकले नाहीत, एवढाच फरक.

या प्रयोगांवर टीकाही पुष्कळ झाली आहे. काहींना धक्के खोटे असल्याचा संशय आला होता, हे मिलग्रॅमच्या कागदपत्रांतूनच दिसतं, आणि माणसांना असं पिळून काढणं आज कुठली समिती मान्य करणार नाही. जेरी बर्गर यांनी २००९ मध्ये सौम्य आवृत्ती केली, १५० व्होल्टला थांबवायची. दहापैकी सात जण त्याच्या पुढे जायला तयार होते. त्यातही एक गंमत आहे. कोटवाल्याला चार ठरलेली वाक्यं दिलेली होती, एकापेक्षा एक कडक. ‘कृपया चालू ठेवा’ इथून सुरुवात आणि ‘तुमच्यापुढे पर्याय नाही, चालू ठेवलंच पाहिजे’ हे शेवटचं. हे शेवटचं, खरंखुरं हुकमी वाक्य ऐकवायची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांतला एकही पुढे गेला नाही. म्हणजे कोट जोवर मऊ बोलतो तोवर चालतो. दरडावलं की समोरच्याला आठवतं, अरे, मला नाही म्हणता येतं. तुमचा सूटवाला दरडावून बोलला का? नसणार. गोड बोलला असणार.

तेव्हा पुढच्या वेळी काय? धीट व्हा, असं मी सांगणार नाही. ऐन प्रसंगी धीर येत नाही, आणि येणाऱ्या प्रत्येकाशी धिटाई केलीत तर नोकरी जाईल. भीड भिकेची बहीण हे खरं, पण ती भीड मोडायची तर हातात काहीतरी हवं. तुमच्या कार्यालयाकडून एका कागदावर लिहून घ्या की पाहुणा कोणीही असो, मुख्य कार्यालयाला फोन करून खात्री झाल्याशिवाय आत सोडायचं नाही. तो कागद काचेखाली ठेवा. मग तुम्ही म्हणायचं, ‘बसा सर, नियम आहे, वर कळवते’ आणि नंबर स्वतःच्या वहीतला फिरवायचा, त्याच्या कार्डावरचा नाही. कार्डावरचा फोन त्याचाच साथीदार उचलेल. खरा तपासनीस असेल तर थोडा वेळ बसेल आणि तुमच्याबद्दल अहवालात चांगलंच लिहील. खोटा असेल तर त्याला अचानक गाडीत विसरलेली फाइल आठवेल.

आणि कागदावर पहिली सही व्यवस्थापकांची घ्या. खुर्चीतून आधी ते उठले होते.

प्रश्न : मावशी, मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वरिष्ठ डॉक्टर फोनवर औषध सांगतात तेव्हा चुकीचं वाटलं तरी तोंडातून शब्द फुटत नाही. पुढे वॉर्डात काय होईल माझं?
— एक विद्यार्थिनी

तुझ्या भीतीवर एक जुना अभ्यास आहे, तो माहीत असलेला बरा. चार्ल्स हॉफलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. वॉर्डात एकट्या असलेल्या नर्सला एका अनोळखी ‘डॉक्टर’चा फोन यायचा: अमक्या रुग्णाला अ‍ॅस्ट्रोटेन नावाचं औषध २० मिलिग्रॅम दे, मी येतोच आहे, सही नंतर करतो. डबीवर स्पष्ट लिहिलेलं, दिवसाला जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. फोनवरून औषध घेणं नियमाबाहेर, औषध मंजूर यादीत नाही, आणि बोलणाऱ्याला तिनं कधी पाहिलेलं नाही. २२ पैकी २१ नर्स औषध घेऊन निघाल्या. अर्थात त्यांना वाटेतच थांबवलं, आणि गोळ्याही निरुपद्रवी होत्या. इथे तर कोट दिसतसुद्धा नव्हता. आवाजानंच कोट घातला होता. अशी वेळ आली तर काय कराल, असं तुझ्यासारख्या विद्यार्थिनींना नुसतं विचारलं, तेव्हा २१ पैकी २१ जणी म्हणाल्या, आम्ही देणार नाही.

पण गोष्ट इथे थांबवतात ते अर्धंच सांगतात. १९७७ मध्ये रँक आणि जेकबसन या दोघांनी तसाच प्रयोग थोडा बदलून केला. औषध ओळखीचं ठेवलं, फोन करणाऱ्याचं नाव ओळखीच्या डॉक्टरचं, आणि नर्सला सहकाऱ्यांशी बोलायला वाव ठेवला. १८ पैकी १६ जणींनी ते दिलं नाही. म्हणजे नर्सा घाबरट नव्हत्या. पहिल्या वेळी त्या एकट्या होत्या आणि औषध त्यांना ठाऊक नव्हतं. तू औषधांचा अभ्यास कर, आणि रात्रपाळीला शेजारच्या वॉर्डात कोण आहे याची खबर ठेव. ‘तुम्ही चुकताय’ असं म्हणायची गरजच पडत नाही. फोनवर सांगितलेलं लिहून घ्यायचं आणि परत वाचून दाखवायचं: ‘सर, २० मिलिग्रॅम म्हणालात, डबीवर कमाल १० आहे, २०च लिहू ना?’ स्वतःचाच आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की बरेच सर खाकरतात.

प्रश्न : गणवेश चढवला की घालणाराच बदलतो, हे खरं का?
— नाव नको

थोडंफार. पण या दाव्याला जेवढी हवा मिळाली तेवढा पुरावा नाही. ‘डॉक्टरचा कोट’ म्हणून दिलेला कोट घातला की माणसाचं लक्ष जास्त एकाग्र होतं, असा २०१२ चा एक अभ्यास फार गाजला. २०१९ मध्ये दुसऱ्यांनी त्यातली एक चाचणी जशीच्या तशी करून पाहिली, तर तो परिणाम दिसला नाही. १९७१ चा स्टॅनफर्ड विद्यापीठातला खोटा तुरुंगही असाच; त्या प्रयोगात काही तरुणांना कैदी केलं होतं, काहींना पहारेकरी. पहारेकऱ्यांना खाकी कपडे आणि आरशासारखे काळे चष्मे दिले आणि ते क्रूर झाले, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. नंतर ध्वनिफिती बाहेर आल्या, त्यांत त्यांना कडक वागायला चक्क सांगितलं जात होतं. आमच्या भाषेत, दिग्दर्शक विंगेतून सूचना देत होता. चष्म्याची निवड मात्र मला पटते. डोळे दिसले नाहीत की समोरच्याला विनवणी कुठे करायची तेच कळत नाही.

प्रश्न : मी आयुष्य गणवेशात काढलं. तुमच्या मागच्या लेखातला थट्टेचा सूर रुचला नाही. उद्या घराला आग लागली तर बंबवाल्याचं ओळखपत्र तपासत बसणार का?
— एक निवृत्त अधिकारी

नाही साहेब, धूर दिसत असेल तर तुमच्या माणसानं ‘बाहेर’ म्हटल्यावर मी चप्पल शोधायलासुद्धा थांबणार नाही. गणवेशाचं कामच ते. घाईच्या वेळी हजार अनोळखी माणसांना कोणाचं ऐकायचं, हे एका नजरेत कळावं. लोक गणवेश बघून ऐकतात ते मूर्ख म्हणून नव्हे. बहुतेक वेळा ऐकणंच शहाणपणाचं ठरतं, म्हणून ती सवय टिकते, आणि ठग जगतो तो तुम्ही कमावलेल्या त्या सवयीवर.

कपडा विचार करून निवडला तर त्या सवयीला लगामही घालता येतो. लंडनमध्ये १८२९ मध्ये नवं पोलीस दल उभं केलं तेव्हा लोकांना रस्त्यावर सैन्य नको होतं. सैन्याचा डगला लाल, म्हणून पोलिसांना निळा दिला, डोक्यावर सभ्य गृहस्थाची उंच टोपी. उलटा प्रयोगही झाला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावानं १९६९ मध्ये पोलिसांचा गणवेशच काढून त्यांना ब्लेझर आणि टाय घातला, पिस्तूल कोटाखाली. काही वर्षांनी मुकाट जुना गणवेश परत आला. तेव्हा गणवेश हवाच, यात आपलं दुमत नाही. माझी तक्रार गणवेशाशी नसून, आग नसतानाही आग लागल्यासारखी घाई करायला लावणाऱ्याशी आहे. हल्ली व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून, पाठीमागे झेंडा आणि कपाट लावून ‘आत्ताच्या आत्ता पैसे भरा, कोणाला सांगू नका’ म्हणणारे निघाले आहेत. त्यांची वेषभूषा मी पाहिली आहे. टोपी ढिली, पट्टा दिसतच नाही, कारण चौकट छातीशी संपते. कमरेखाली पायजमा असला तरी मला आश्चर्य वाटणार नाही. पण त्यांना ठाऊक आहे की शेजारचा दरबारी तुमच्याबरोबर असता कामा नये, म्हणून ‘कोणाला सांगू नका’ आधी येतं.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. ‘मोठ्यांचं ऐक, पोलीसकाकांचं ऐक’ असंच शिकवत आलो. आता तुमचं वाचून गोंधळ झाला. तिला काय सांगू?
— एक बाबा

आहे ते पुसू नका, त्याला एक शेपूट जोडा. ‘नाही’ म्हणणं मोठ्यांना जमत नाही, पोरीला कुठून जमणार? ‘थांबा, बाबांना विचारते’ एवढं वाक्य पाठ करून घ्या. त्यात कोणाचा अपमान नाही. वर हेही सांगा की जो ‘बाबांना विचारू नकोस’ म्हणेल, त्यानं कुठलीही टोपी घातली असो, तिथून पळत यायचं.

आणि घरी तालीम घ्या. नुसतं सांगून उपयोग नाही, हे बिकमनच्या आकड्यांवरून कळलंच. कोणा मित्राला टोपी आणि पट्टा घालून दारात उभं करा. पहिल्यांदा ती दार उघडेल आणि हसेल. उघडू द्या. दुसऱ्या वेळी मित्राला अगदी गोड बोलायला सांगा, कारण अवघड परीक्षा ती आहे. टोपी नसेल तर कळवा. कपडेपटात पडून आहेत, फक्त वेळेवर परत करा.